अर्जाला लागलेलं ट्रॅक्शन

तीर्थस्वरूप अक्कास,

प्रल्हादाचा साष्टांग नमस्कार. सांगलीच्या उन्हाळ्यात तुझे गुडघे कसे आहेत? इकडे काशीत दूधविनायकावर आम्ही दोघं खुशाल आहोत. माघात हिमानी रामघाटाच्या पायऱ्यांवर घसरली होती, पण आता नीट चालते आणि मला पूर्वीइतकंच बोलते.

ती पडली म्हणून घाटाला लोखंडी कठडा लावावा असा अर्ज मी नगर निगमकडे करायचं ठरवलं. (चाळीस वर्षं संस्कृत शिकवल्यामुळे त्यात समास जरा जास्त झाले.) शेजारचा यज्ञेश वकील सह्यांसाठी घरोघर फिरला, मिळाल्या अकरा. मग पुण्याहून आपल्या ऋताने तो अर्ज मोबाइलवर सगळ्यांना पाठवला. एका सकाळी तिचा फोन आला. आवाज तुटत होता. ‘यज्ञेश’, ‘अर्ज’ आणि ‘ट्रॅक्शन’ एवढंच ऐकू आलं. मला ट्रॅक्शन एकच ठाऊक, मागे इस्पितळात माझ्या कमरेला वजनं टांगली होती ते. मी मुगाची खिचडी डब्यात भरली, माझा जुना कमरेचा पट्टा घेतला आणि निघालो. वाटेत भेटेल त्याला सांगत गेलो, की यज्ञेश घाटावर पडला.

यज्ञेश दारात उभा राहून कचौडी खात होता. (खिचडीही त्यानेच संपवली.) त्याने ऋताला फोन लावून दिला. ती म्हणाली, “काका, एखाद्या गोष्टीला लोकांचा पाठिंबा वाढू लागला, की इंग्रजीत तसं म्हणतात.”

तोवर गल्लीभर बातमी पसरली होती. दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर दोनशे माणसं सही करून गेली. मला फार लाज वाटली. खोट्या बातमीवर मिळालेल्या सह्या कशा ठेवायच्या? संध्याकाळी धडधाकट यज्ञेशला बरोबर घेऊन मी दारोदार गेलो आणि ज्याला नाव खोडायचं असेल त्याने खोडावं म्हणालो. विष्णु नावाडी म्हणाला, “गुरुजी, ये नहीं गिरे तो क्या हुआ, हमारी अम्मा तो गिरी थीं.” त्याने बायकोलाही सही करायला लावली. नाव कुणीच खोडलं नाही.

गेल्या सोमवारी कठडा लागला.

तुझा,
प्रल्हाद

ता. क. हिमानीने पत्र वाचलं. म्हणते, मुद्दा राहिलाच. तर अक्का, कार्तिकात ये.

ता. क. २. हे तिला दाखवलेलं नाही. अर्ज मी ती पडण्याच्या वर्षभर आधीच लिहून ठेवला होता. तू वरच्या पायरीवर बसून नुसती गंगा पाहून परतलीस, त्या दिवशी. तिला सांगू नकोस. कठडा तिच्या पडण्यामुळे झाला असं ती सगळ्यांना सांगते आहे.