रस्त्याचा धुरा

चिचगड

बाबा, पाया पडतो.

फोनवर तुमाले ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिलो. शाळेतून आली की रुचिकाकडून वाचून घ्या.

रोजगार हमीत टेकडीवर जाणारा रस्ता बांधून राहिलो आमी. वरून सारं जंगल दिसते. हाताचे फोडही आता बसले.

सवयीनं आमी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धुरा घातला, धानाच्या बांधीत पाणी अडवाले घालतो तसा मातीचा बांध. पाऊस आला, अन् रस्त्यात घोटाभर पाणी! साहेब भडकले, "धान रोवता काय इथं?" मग धुरा न्याहाळून म्हणाले, "थेंब झिरपला नाही. कोणी शिकवलं?" मी तुमचं नाव सांगितलं.

धुरा फोडला, पण टेकडीवरचा दगडी कठडा मलेच बांधायले दिला.

तुमचा गुडघा कसा आहे? रस्ता झाला की गाडीनं आणतो. कठड्याले बिनधास्त टेका, तुमच्याच हातचा आहे.

तुमचा भूपेंद्र