दादाची मूठ आणि तेल लावलेलं डोकं

मंगळवार, संध्याकाळ. ब्रह्मपुरी.

दादाच्या लकव्यानं लुळ्या पडलेल्या उजव्या हाताची मूठ आज मिटली. इशारा त्याच्याच मेंदूतून आला, हे डॉक्टर बाईंनी पडद्यावर दाखवून पक्कं केलं.

सकाळी वाटलं होतं, संपलं. मेंदूचा इशारा टिपायला डोक्यावर चढवलेल्या टोपीत काहीच उमटेना, आणि इशारा मिळाला नाही तर हा उपचार त्याच्यासाठी नव्हता. मग बाईंनी डोक्याला बोट लावून पाहिलं. तेलानं चप्प! वहिनी म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात जाऊन राह्यलो, तं तेल नाई लावू का?" बाईंनी हसत स्वतः त्याचं डोकं धुऊन दिलं, आणि टोपीत इशारा उमटला.

मला समजलं ते असं. मूठ मिटायचं मनात आणलं की मेंदूतल्या विजेच्या बारीक लहरी बदलतात. टोपीतल्या चकत्या तो बदल टाळूवरून टिपतात. मध्ये तेल नको. विश्रांतीच्या आणि प्रयत्नाच्या लहरींतला फरक संगणक सरावानं शिकतो आणि हातात घातलेल्या मोटरच्या हातमोज्याला सांगतो, मीट.

वहिनीनं विचारलं, "बाई, यात मनातलं सारं दिसते का?"

"नाई. मूठ मिटायची का नाई, एवढंच."

"वाचलो," दादा अडखळत म्हणाला. "नाई तं हिनं टोपी घरीच नेली असती."

आजारपणानंतर त्याची ही पहिली थट्टा. डॉक्टर बाईंचे आभार मानायचे राहूनच गेले. कसे राहिले?

शुक्रवारी पुन्हा बोलावलंय. मोज्याशिवाय बोटं हलतील का, ते काही आठवड्यांच्या सरावानंतर कळेल. वहिनीनं तेलाची बाटली आताच माझ्या कपाटात ठेवून कुलूप लावलंय.