डावखुऱ्या विळ्याचा भाला

तीर्थरूप रित्सुताईस,

तेइजीचा कमरेतून वाकून नमस्कार. (छपरावरचा बर्फ खाली ढकलताना कमरेत उसण भरली आहे, त्यामुळे मी वाकलेला आहेच, नमस्कार त्यातच धरून घ्यावा.) दाजींचा खोकला कसा आहे? साके गरम करून घेतली की खोकला जातो हे त्यांचं मत बरोबर आहे, पण तो जाईपर्यंत घेतच राहायची नसते, एवढं त्यांना सांग. तुमच्या निइगाताच्या किनाऱ्यावर निदान समुद्र तरी दिसत असेल. इथे आइझूत समोरचं न्हाव्याचं दुकानसुद्धा दिसेनासं झालं आहे. बर्फाच्या भिंतीपलीकडून नुसतं त्याचं हसू ऐकू येतं. फुमिएने मुरवलेला हेरिंग मासा सोबत धाडला आहे. खारट वाटला तर कळवू नकोस, तिला वाईट वाटतं.

आता बातमी. आपल्या चिझुरूचं लग्न ठरलं. मग ते जवळजवळ मोडलं आणि पुन्हा ठरलं. हे मधलं मोडणं एका दुपारीच उरकलं आणि माझ्याखेरीज कुणाला त्याचा पत्ता नाही. मुलगा साजींचा, युकिनोरी. तेच साजी, साकेच्या कारखान्याचे, ज्यांच्या कोठाराच्या पांढऱ्या भिंतीवर तू कोळशाने चित्र काढलंस आणि मार मी खाल्ला. मुलगा चांगला आहे. बोलतो कमी, खातो जास्त, पण चिझुरू बोलायला लागली की घास हातातच धरून बसतो. आमच्या लेकीचाही जीव जडला आहे. दुकानातल्या लाखेच्या वाट्या पुसताना ती गुणगुणायला लागली तेव्हाच फुमिएने ओळखलं. मी मात्र घशाला काहीतरी झालं असेल म्हणून तिला आल्याचा काढा पाजला.

माझ्या छंदाबद्दल दाजींनी तुला तिखटमीठ लावून सांगितलं असेलच. होय, मी जुने भाले जमवतो. तलवारी जमवायला ऐपत लागते, भाल्यांना नुसती लांब भिंत लागते, असं मला वाटलं होतं. ती भिंतही आपल्याकडे नाही हे पहिला भाला घरी आणल्यावर कळलं. त्याचं टोक न्हाणीघरात आणि बूड दुकानात, अशा अवस्थेत तो वर्षभर राहिला आणि मधल्या भागावर फुमिएने मुळे वाळत घातले. (त्या वर्षीचे वाळवलेले मुळे फार छान झाले होते, हे मी तिच्यापुढे कबूल केलेलं नाही.) मागच्या शरदात तर मी एक मोठं आकडेदार शस्त्र घेतलं. किल्ल्याच्या दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याचं ते, घोडेस्वाराला खाली ओढायचं, अशी माझी खात्री होती. शेजारपाजाऱ्यांना बोलावून मी ते दाखवलं, घोडेस्वार कसा पडत असे तेही करून दाखवलं. आठवड्याने पलीकडच्या गावचे चार म्हातारे टोप्या हातात घेऊन दारात उभे. आग लागली की जळतं छप्पर ओढून पाडायचा त्यांच्या अग्निशमन दलाचा आकडा कुणीतरी भंगारवाल्याला विकला होता, तो मिळेल का? मी दिला. वर चहाही दिला. फुमिए त्यांना म्हणाली, "घोडेस्वारही घेऊन जा, तो आमच्याकडे रोज जेवायला असतो."

आमचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा साजींच्या मोठ्या खोलीत जमतं आणि साजीच त्याचे प्रमुख. पद्धत अशी, की उशीवर पातं ठेवलेलं असतं, पण त्याचं दांड्यात बसणारं शेपूट कापडात गुंडाळलेलं. लोहाराचं नाव असलं तर शेपटावर असतं, म्हणून ते झाकायचं. आपण वाकून नमस्कार करायचा, श्वासाची वाफ पात्यावर जाऊ नये म्हणून दातांत कागद धरायचा, पातं उजेडात फिरवून पाहायचं, आणि घडवणारा कोण ते चिठ्ठीवर लिहून साजींकडे द्यायचं. ते चिठ्ठी पाहून सांगतात: लागलं, जवळ आलात किंवा नाही. मला आजवर 'नाही'खेरीज काही मिळालेलं नाही. एकदा तर साजी माझी चिठ्ठी उघडायच्या आधीच 'नाही' म्हणाले आणि मग माफी मागून त्यांनी ती उघडली. ती 'नाही'च होती.

तर या महिन्याच्या बैठकीला निघताना फुमिएने माझा कोट धरला. "अहो, ते आता व्याही व्हायचेत. त्यांच्या घरचा भाला आज उशीवर येणार आहे म्हणे. तुम्हाला काही कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. अक्कल नाही चालवायची." हा भाला म्हणजे साजींच्या घराण्याचा अभिमान. त्यांच्या पूर्वजाने तो लढाईत धरला होता आणि लग्नात युकिनोरी-चिझुरूच्या खोलीच्या दारावर, आडव्या तुळईला तो टांगायचा आहे. मी फुमिएला वचन दिलं. माझं वचन म्हणजे काय ते तुला माहीत आहे, पण त्या क्षणी ते मनापासून होतं.

माझी पाळी आली. नमस्कार केला, कागद दातांत धरला, पातं उचललं. सरळ पातं, आणि बुडाशी एकाच बाजूला विळ्यासारखा फुटलेला काटा. धारेलगतची पांढरी रेघ धुक्यासारखी. सुंदरच होतं. पण तो काटा उजेडात फिरवला आणि माझ्या हाताला तो ओळखीचा वाटला. विळ्याची पाठ उलट्या अंगाला कललेली, डावखुऱ्या माणसाने घडवलेली. असा विळा या अख्ख्या खोऱ्यात एकच माणूस करत असे आणि सणाच्या बाजारात चटईवर मांडून विकत असे. ताई, तो आपल्या बाबांचा हात होता. मी "बाबा" म्हणालो असेन, कारण दातांतला कागद पडला आणि शेजारचे कुमे, दातांचे डॉक्टर, मला कोपर मारून म्हणाले, "वाफ! वाफ!"

तुला आठवतंच असेल. भाता तूच तर ओढत होतीस. महायुद्धासाठी सरकार घरोघरचं लोखंड गोळा करत होतं, तेव्हा म्हाताऱ्या साजींनी, आताच्या साजींच्या आजोबांनी, चौकात भाषण ठोकून, सगळ्यांच्या देखत घराण्याचा भाला गाडीवर टाकला, आणि संध्याकाळपर्यंत बायकोला काय सांगायचं या विचाराने त्यांना ताप चढला. शेवटी 'गाडीवर टाकली ती नक्कल, खरा भाला घरातच आहे' असं त्यांनी घरीदारी सांगून टाकलं. मग ते बर्फातून बाबांकडे आले. विळे करणाऱ्या माणसाकडे! बाबांनी बर्फाचे दिवस साधून, रस्त्यावर चिटपाखरू नसताना तो दुसरा भाला घडवला, आणि शेपटाला गंज चढावा म्हणून ते चहाच्या चोथ्यात आणि घोड्याच्या लिदीत पुरून ठेवलं. मी त्या लिदीवर पहारा दिला, कशाचा ते मला ठाऊक नव्हतं. घरात तांदळाची गोणी आली, एवढंच माझ्या लक्षात राहिलं होतं; बाकीचं त्या उशीपुढे एकदम जुळलं. काम झाल्यावर बाबांनी आपल्या दोघांचे कान धरून सांगितलं होतं की याबद्दल तोंड उघडायचं नाही.

आता माझी अवस्था बघ. डावीकडे कुमे म्हणताहेत, "चारशे वर्षांपूर्वीचा मिनो प्रांतातला हात. असे हात आता जन्माला येत नाहीत." उजवीकडे निवृत्त हेडमास्तर डोळे पुसताहेत. आणि ज्या माणसाला गावाने जन्मभर 'विळेवाला' यापलीकडे नाव दिलं नाही, त्याच्या कामापुढे ही मंडळी कपाळ चटईला टेकत होती. माझा ऊर भरून आला, खोटं कशाला सांगू. खरं लिहावं तर व्याह्यांच्या घराण्याची अब्रू भर बैठकीत जाणार आणि चिझुरूचं लग्न त्याच चटईवर मोडणार. मिनो लिहावं तर जन्मात एकदाच मला उत्तर येत होतं आणि तेच मी गिळायचं. मी ब्रश उचलला. मिनो लिहायचं ठरवलं होतं. हाताने लिहिलं: नुमाजिरी कानजो, विळे करणारा, याच गावचा.

चिठ्ठी घडी करायच्या आत कुमेंनी मान लांब केली. (दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय जाता जात नाही.) त्यांनी मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, "अहो, हे तर तुमच्या वडिलांचं नाव! चुकून चुकून बाहेरची नावं संपली वाटतं, आता घरची काढलीत?" खोली हसून लोळली. हेडमास्तर तर डोळे पुसतच होते, त्यांनी तेच पुढे चालू ठेवलं. मी साजींकडे पाहिलं, ते हसत नव्हते. चिठ्ठी त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, बराच वेळ पाहिली. माझ्या डोळ्यांपुढे फुमिए उभी राहिली, तिच्यामागे वाट्या पुसणारी चिझुरू, आणि ती गाणं म्हणत नव्हती. मग साजी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काळ चुकला, प्रांत चुकला, हात चुकला. नाही." आणि वर, "अक्षर मात्र सुंदर आहे." पुन्हा हशा. चहा आला. कुमेंना 'लागलं' मिळालं आणि त्यांनी ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला सांगितलं.

तर असा मी खरं बोलून वाचलो, कारण माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. घरी आल्यावर फुमिएने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, 'नाही' मिळालं. ती म्हणाली, "देवच पावला." लग्न चेरी फुलायच्या सुमारास आहे, दाजींना घेऊन आठवडाभर आधी ये. त्यांचं गरम साकेचं औषध आता व्याह्यांच्या घरचंच मिळेल.

सर्वांना यथायोग्य. कमर सरळ झाली की उरलेला नमस्कार करीन.

तुझा भाऊ,
तेइजी

ता. क. लग्नात तुझी जागा त्या खोलीच्या दाराकडे पाठ करून ठेवायला सांगितली आहे. राग मानू नकोस. वर तो भाला टांगलेला असेल, आणि तू एकदा हसायला लागलीस की तुला आवरणं बाबांनाही जमत नसे.

ता. क. दुसरा. फुमिए खांद्यावरून डोकावते आहे (वरची पानं मी वेळीच उशीखाली सारली) आणि म्हणते की मूळ मुद्दा राहिलाच असेल: चिझुरूच्या रुखवताची कपाटं घरात मावत नाहीत, तेव्हा वन्संच्या मासे वाळवायच्या लांब खोपीत माझे सगळे भाले राहतील का? (वन्संनी नाही म्हटलं तरी चालेल असं मी म्हणालो. चालणार नाही असं ती म्हणाली.)

ता. क. तिसरा. फुमिए चहा टाकायला गेली आहे, म्हणून घाईने लिहितो. कुणालाही पत्ता नाही असं मी वर लिहिलं, ते खरं नाही. त्या दुपारी मी दारात बूट घालत होतो तेव्हा साजी माझ्यासाठी छत्री धरायच्या निमित्ताने बाहेर आले आणि माझ्यापुढे वाकले. कमरेपासून, ताई, मोठ्या माणसापुढे वाकतात तसे. म्हणाले, "आजोबांनी जाताना मला सगळं सांगितलं होतं. तुमच्या वडिलांनी आणि त्यांनी एकमेकांना शब्द दिला होता. दोघांनी शेवटपर्यंत पाळला, म्हणून मलाही आत 'नाही' म्हणावं लागलं. या मंडळात इतक्या वर्षांत मी दिलेली चुकीची उत्तरं दोनच, तुमचं 'नाही' आणि कुमेंचं 'लागलं'." मी बूट उलटसुलट पायांत घातले. मग ते म्हणाले की रुखवतात कपाटं नसली तरी चालतील, पण चिझुरूने तिच्या आजोबांच्या हातचा एक विळा घेऊन यावा. तो त्यांना भाल्याच्या खाली टांगायचा आहे, बाबांचं नाव लिहून. "भाला खोटा आहे. विळा तरी खरा असू दे."

बाबांच्या हातचा विळा आता फक्त तुझ्याकडे उरला आहे. कांद्याच्या पातीला तू तो रोज वापरतेस हे मला माहीत आहे, आणि मागताना मला लाज वाटते. पाठव. पार्सलवर नुसतं 'शेतीचं अवजार' असं लिही; शस्त्र म्हटलं की पोस्टातली माणसं दहा प्रश्न विचारतात.