बसायच्या हक्काबद्दल मी शेठशी बोलणार आहे

३ नोव्हेंबर, सोमवार

आज दुकान बंद. निर्णय पक्का. उद्या बोलायचं.

झालं असं, की आमच्या सेल्सगर्ल प्रितीने काल दुपारी जरा खांबाला पाठ टेकली. पाचवा महिना आहे तिला. तर हर्षवर्धनशेठ म्हणाला, सोड तो खांब, तू धरला नाहीस तरी पडायचा नाही. भर दादरात, गिऱ्हाइकांदेखत! माझं रक्त उसळलं. तिथल्या तिथे झापला असता, पण हातात कॅश होती.

मुळात मुलींना दिवसभर बसायला बंदी. दुकान रिकामं असलं तर साड्यांच्या चांगल्या घातलेल्या घड्या मोडायच्या आणि परत घालायच्या. बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईक पायरीवरून परत जातं, ही शेठच्या वडिलांची शिकवण. हा माणुसकीचा प्रश्न आहे. मानवी हक्कांचा आहे! केरळात तर म्हणे दुकानातल्या बायकांना बसू द्यायचा कायदाच आहे. प्रिती, ललिता, अंबिका, तिघींना सांगून टाकलंय, तुम्ही कोणी तोंड उघडू नका, मी बोलतो. इतकी वर्षं कॅश काउंटरवर बसतोय. माझा शब्द शेठ खाली पडू देणार नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळी

आरशासमोर प्रॅक्टिस केली. ‘शेठ, माणूस म्हणजे मशीन नव्हे’ इथे आवाज चांगला चढतो. सीमा चहा घेऊन आली, म्हणाली, आधी बोलान येवा, मगे मिशी पिळा. बायकोला या गोष्टी कळत नाहीत.

रात्री

जमलं नाही. बोहनीच्या आधी शेठकडे काही मागायचं नाही, हा धंद्याचा नियम. बोहनी झाली आणि गर्दी सुरू झाली. गर्दी ओसरली तेव्हा शेठ जेवत होता. जेवत्या माणसाला मानवी हक्क सांगणं बरं दिसत नाही.

६ नोव्हेंबर

प्रितीने विचारलं, काका, बोललात का? म्हटलं, टायमिंग बघतोय. ललिताचं डोकं गरम. म्हणाली, आम्ही तिघी जातो ना सरळ केबिनमध्ये, खाऊन टाकणारे का तो? तिला समजावलं. असं घोळक्याने गेलं की शेठला मोर्चा आल्यासारखं वाटतं, मग तो अडून बसतो. ही नाजूक कामं. थांबली बिचारी. माझ्या शब्दाला मान आहे.

प्रितीचे पाय सुजलेत. चपलेचा पट्टा सैल करून उभी होती. वाईट वाटलं.

८ नोव्हेंबर, शनिवार

संकष्टी. शेठचा उपास. उपाशी माणूस चिडका असतो. चंद्रोदयानंतर बोलणार होतो, पण तो चंद्रोदयाच्या आधीच घरी पळाला. माझा काय दोष?

१२ नोव्हेंबर

आज ऐतिहासिक दिवस! केबिनमध्ये गेलो. घसा खाकरला. ‘शेठ, माणूस म्हणजे’ इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात त्यानेच विचारलं, रघुवीरभाऊ, बायका काय कुजबुजतात हल्ली? काही तक्रार आहे का?

अचानक विचारल्यामुळे प्लॅन बदलावा लागला. म्हटलं, छे छे, सगळ्या मजेत आहेत. याला म्हणतात पाया घालणं. आधी समोरच्याला निर्धास्त करायचं. शेठ इतका खूश झाला, की माझ्या कंबरदुखीची चौकशी केली आणि खुर्चीसाठी उशी दिली. फोमची आहे. फार आराम पडतो.

उशी घेऊन बाहेर आलो तर तिघी टक लावून बघत होत्या. अंबिकाने विचारलं, झालं का काम? म्हटलं, सुरुवात झाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लिहायचा मूड नाही. तरी लिहितो.

संध्याकाळी गिरगावातलं लग्नाचं वऱ्हाड आलं होतं. आजी, नवरी, मावश्या, सगळ्या खुर्च्यांवर. प्रिती वरच्या फळीवरची पैठणी काढत होती. घेरी आली. तशीच काउंटरमागे खाली बसली, साड्यांच्या ढिगात. शेठ ओरडला, बसायचा पगार देतो काय?

ललिता तिला पाणी द्यायला वाकली, आणि पाणी देऊन तिच्या शेजारी फतकल मारून बसली. उठेना. अंबिकाही बसली. शेठ लाल. मी उठणारच होतो, पण कॅशचा ड्रॉवर उघडा होता.

मग ती गिरगावची आजी उठली. म्हणाली, पोरीला पोटात बाळ घेऊन उभी ठेवता? तिला बसायला मिळेपर्यंत आम्ही पण उभ्या. सगळ्या मावश्या खुर्च्या सोडून उभ्या राहिल्या. नवरीसुद्धा. शेठ नरमला. हात जोडून म्हणाला, स्टुलं आणतो, मंगळवारी आणतो, तुम्ही बसा.

इथवर ठीक होतं. पण मग तो माझ्याकडे वळला. सगळ्यांसमोर म्हणाला, रघुवीरभाऊ, मी परवा विचारलं तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, सगळ्या मजेत आहेत?

ललिताने माझ्याकडे बघितलं. मी नोटांना रबर लावत राहिलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

स्टुलं आली. प्रितीही आली. बाळ ठीक आहे, डॉक्टरांनी उभं राहायला मनाई केलीय. देव पावला.

दुपारी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की माझा पाया होता म्हणून शेठ इतक्या लवकर वाकला. ती स्टुलावर बसून साडीची घडी घालत होती. रागावली नाही. रागावली असती तर उत्तर तयार होतं. म्हणाली, काका, तुम्ही ‘मी बोलतो’ म्हणाला नसतात ना, तर आम्ही त्याच दिवशी बोललो असतो.

लाज वाटली. खरंच वाटली. बरोबर आहे गं तुझं, एवढंच म्हणालो. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही.

ती म्हणाली, सरका जरा, गिऱ्हाईक आलंय.