लेकीचं पोतं अन् कमलची लाल गाडी

२३ नोव्हेंबर, रविवार
कमलच्या राहुलनं गाडी आनली. लाल. जीपवानी उंच, पन आखूड. तोंड असं का आता डरकाळी फोडन. राहुल मोहर्लीले पर्यटकायले वाघ दाखवते, गाडी बी तशीच पाहून घेतली असन. कमल माही लहानी जाऊ, भिंतीले भिंत घर. साऱ्या गल्लीले पेढे वाटले. मले दोन. दोनच.
"चांगली हाये वं," म्हनलं. पोटात मिरची.
पेढा बी चांगला होता. त्याचा आनखी राग आला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
हे वही मैत्रीची. माही नातीन, पाचवीत. मांगची पानं कोरी राह्यली तं म्हने, "आजी, रोज चार ओळी लिही." मी तिसरीत शाळा सोडली, पन अक्षर माहं तिच्यापेक्षा गोल हाये. तिच्या मॅडमनं पाह्यलं तं तिलेच बोलल्या, आजीसारखं काढ म्हनून. कालपासून मी हवेतच हाये.
काय लिहत होती? हां. गाडी.
जेवताना विलासले म्हनलं, "आपन बी घेऊ. तशीच."
"पाहू, आई."
"पाहू नको. घे."
सून गालात हासली. तिच्या मायले चंद्रपूरवरून आनाले-न्याले बरं होईन, हे मले समजत नाई का? तरी बी घे.

२९ नोव्हेंबर, शनिवार
डोळे दाखवाले चंद्रपूरले गेली. कमलच म्हने, "बाई, बसमधी काऊन जाता? गाडी हाये नं." गाडी हाये! सहा दिवसात शंभरदा म्हनलं असन.
बरं झालं. बसून पाह्यली.
राहुल चालवे, त्याचा सोबती समोर. मांगं कमल, तिची सून, मधात मी. मधातली सीट टनक, खाली पायाले उंचवटा, गुडघे कानाले. बाहेरून हत्ती, आतून कोंबड्यायचं खुराडं. गड्डा आला का कंबरेत ठोका. वळनावर कमल माह्या आंगावर, मी सुनेच्या आंगावर. थंडी हवा समोरच्यायले, मांगं आमी घामानं चिंब. अन् चढावर राहुल म्हने, "मोठीआई, जरा एसी बंद करतो. इंजिन छोटं हाये, भार झाला."
गाडी कन्हत होती अन् मी मनात पेढे वाटत होती.
"कशी वाटली बाई?" कमल.
"झक्कास."
डाक्टर म्हने, नजर चांगली हाये. हाये तं. सारं दिसलं मले.

२ डिसेंबर, मंगळवार
विलासनं बी कोनाकोनाले विचारलं. म्हने, "आई, अशा गाडीत डिक्की लहान, पेट्रोल जास्त. अन् सारं पायजे म्हनलं तं भाव मोठ्या गाडीएवढा होते. त्यापेक्षा बसकी घेऊ. जागा जास्त."
मी म्हनलं, "कमलच्या दारात उंच अन् आपल्या दारात बसकी?"
"तूच म्हनत होती नं, खुराडं हाये."
"तिचं खुराडं हाये. आपलं नाई होनार."
मैत्री एवढी हासली का तिच्या नाकातून वरन आलं.

६ डिसेंबर, शनिवार
विहारात गेली. बाबासाहेबायले मेनबत्ती लावली. पांढरं लुगडं, मन शांत ठेवाचं ठरवूनच गेल्ती. विहार आमच्या घरापासून पाचवं घर. कमल गाडीत आली!! उतरताना पदर दरवाज्यात अडकला. वंदना चालू होती तं मी वर पाह्यलं नाई. थोडंसं पाह्यलं.
आल्यावर विलासले बोलली, १४ तारखेले जाऊन तेच गाडी बुक कर, नाई तं मी जेवत नाई. तो "हो" म्हने. थकूनच म्हने.

११ डिसेंबर, गुरुवार
आज जे पाह्यलं ते लिहू का नको असं झालं.
नवा तांदूळ निघाला. आपल्याकडे पह्यलं पोतं लेकीले जाते, अन् माय सोबत जाते. मायशिवाय पोतं म्हनजे दुकानातला माल. मी दरसाल माह्या सुनंदाले आरमोरीले नेते, एस.टी.त. कंडक्टर कटकट करते, "बाई, हे काय मालगाडी हाये का?" तरी पोतं बी चढते, मी बी चढते.
कमलच्या लेकीचं गाव गडचिरोलीच्या पुढे. तिथी आज मंडईची जत्रा, रातीले नाटक. कमल महिन्यापासून सांगून राह्यली, या साली पोतं गाडीत नेईन. नवं लुगडं नेसून सकाळीच तयार. मी भिंतीआडून पाहत होती. जळाले गेल्ती, खोटं काऊन लिहू.
राहुल अन् सून समोर. लेकरू मांडीवर. सुनेचे माय-बाप आलेले, ते मांगं. डिक्कीत पोतं आडवं घातलं, झाकन लागेना. उभं केलं, तरी लागेना. शेवटी पोतं मांगच्या सीटवर ठेवलं. कमलच्या जागेवर.
गाडी ट्वां ट्वां वाजाले लागली तं राहुलनं पोत्याले पट्टा लावला. मानसाले लावते तसा.
"आई, तू मांगून बसनं येशीन?"
"जा रे, मी घर राखते."
गाडी गेली. पोतं गेलं, माय राह्यली. कमल नव्या लुगड्यात ओट्यावर बसून. हातात लेकीसाठी लाडूचा डबा, तो बी राहून गेला.
मले हासू येईन वाटलं होतं.
चहा नेऊन दिला. ती म्हने, "बाई, गाडी तं चांगली हाये नं?"
मी म्हनलं, "चांगली हाये वं."
दुसऱ्यांदा तेच बोलली. पन पह्यल्यासारखं नाई.

१२ डिसेंबर, शुक्रवार
दिवसभर बोटं मोजत होती. विलास, सून, मैत्री, सुनेची माय (ते तं येईनच), मी. अन् पोतं. दहादा मोजलं. दरवेळी पोत्याले जागा भेटते, मी ओट्यावर.
विलासले सांगू कसं? जेवनार नाई म्हनून मीच बसली होती. अन् बसकी घेतली तं कमलच्या दारात उंच ते उंचच.

१४ डिसेंबर, रविवार
विलास गाडी बुक कराले निघून राह्यला. मी म्हनलं, मी बी येते. घाईनंच लिहून राह्यली.
सकाळी एका पोत्यात तनीस भरली, धानाचा वाळला पेंढा. चांगली दाबून, तांदळाएवढीच फुगवली. शोरूमवाले हासतीन तं हासो. पह्यले हे डिक्कीत घालीन, मंग मी मधात बसीन.
कमल ओट्यावरून, "बाई, तनीस घेऊन कुठी चालल्या?"
"गाडी पाहाले. चाल. मांगं बसाले मानसं पायजे."
"माह्यासारखीच घेनार नं?"
काय सांगू? लाल तं नाईच घेनार, एवढं पक्कं.
कमल चप्पल घालून आली बी. विलास पोत्याकडे पाहून राह्यला, "आई, हे काय वं?"
अजून सांगितलं नाई त्याले.