दहा मिनिटं इंग्रजी

रोहणा, ता. आर्वी
3 सप्टेंबर 2025

ती. नलूआत्यास,
भूपेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला नाही, कारण आपल्याकडे फोनवर स्पीकर लावूनच बोलायचं हा बाबांचा नियम तुला ठाऊक आहे. बाबांना कळलं की तासाभरात पानठेल्यावर कळतं.

सेलूचं एक स्थळ आलं आहे. मुलगी सुरभी, तिथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीला इंग्रजी शिकवते. तिचे वडील नानाजी, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांना शेती चालते, गाव चालतं, माझं तेहेतीस वय चालतं. अट एकच आहे. मुलाने मुलीशी दहा मिनिटं इंग्रजीत बोलायचं. बाबांनी मध्यस्थाला लगेच सांगून टाकलं की आमचा पोट्टा फाडफाड बोलते. फोन ठेवल्यावर मला विचारलं, काऊन रे, येते ना तुले?

आत्या, याआधी नऊ ठिकाणांहून 'कळवतो' असं आलं आहे. एकानेही कळवलं नाही. एकांना नागपुरात फ्लॅट हवा होता, एकांना गोठा घरापासून लांब हवा होता. एकांनी मला पाहिलंच नाही, त्यामुळे माझ्या तोंडावर दोष ढकलायचीही सोय राहिली नाही. दहावं 'कळवतो' ऐकायची ताकद आता माझ्यात नाही. भेट दिवाळीनंतर आहे. तू एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलंस, मला पत्राने शिकव. हे कोणाला सांगू नकोस, सेलूला तर मुळीच नाही.

चंपी गाय व्याली. लाथ मारायची सवय गेलेली नाही.

तुझा आशीर्वाद डोक्यावर असू दे, सध्या त्याची फार गरज आहे.

तुझा,
भूपेंद्र


वर्धा
9 सप्टेंबर 2025

चि. भूपेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं मराठी अक्षर इतकं वाईट आहे की इंग्रजी शिकून फायदाच होईल.

मामांनी मला नागपूरच्या कॉन्व्हेंटात घातलं तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तुझा बाप गावात गोट्या खेळत होता. पहिल्याच दिवशी सिस्टर अगाथांनी फळ्यावर शब्दांच्या आठ जाती लिहिल्या. काय वळणदार अक्षर होतं! शाळेमागे पेरूची झाडं होती. पेरू खाताना मराठी शब्द निघाला की पेरू जप्त व्हायचा. इंग्रजी तर येत नव्हतं. त्यामुळे आम्ही मुली मुकाट्याने पेरू खायला शिकलो. पाया असा पक्का व्हावा लागतो.

म्हणून आधी आठ जाती, बोलणं नंतर. पहिली नाउन, म्हणजे नाम. घरातल्या दहा वस्तूंची नावं लिही. दुसरी प्रोनाउन, नावाऐवजी येणारा शब्द. ही तुझ्या आईला विचार. चाळीस वर्षांत तिने तुझ्या बापाचं नाव घेतलेलं नाही, सगळा संसार 'हे' आणि 'त्याइले' यांवर चालवला. तिसरी व्हर्ब, म्हणजे क्रियापद, तिच्यावाचून वाक्य उभं राहत नाही. गृहपाठ पाठव, मी लाल शाईने तपासून परत करीन.

कोणाला सांगणार नाही. शब्द दिला.

अभ्यासात टाळाटाळ न करता माझ्यावरची माया वाढवत राहा.

तुझी,
नलूआत्या


सेलू
15 सप्टेंबर 2025

आदरणीय नलूताई यांस,
सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही. आपल्या भाच्याचं स्थळ ज्या मुलीला सांगून आलं आहे, ती मी. आपण इंग्रजीच्या शिक्षिका होतात हे मध्यस्थांकडून कळलं, आणि त्यांच्या वहीतून आपला पत्ता उतरून घेतला. फोनची हिंमत झाली नाही.

खरं सांगते. मी मराठी घेऊन बी.ए. झाले. शाळेत मराठी शिकवायला लागले होते. गेल्या वर्षी इंग्रजीच्या मिस सोडून गेल्या, तेव्हा प्रिन्सिपल म्हणाल्या की तुमचा आवाज मोठा आहे, तुम्ही घ्या. मी म्हटलं, मला येत नाही. त्या म्हणाल्या, पालकांना तरी कुठे येतं? पालक टाय बघतात, डायरी बघतात आणि गेटवर गुड मॉर्निंग ऐकून निघून जातात. तेव्हापासून मी रोज एक धडा आधी वाचते आणि मुलांपुढे उभी राहते. बाबांनी मात्र गल्लीभर सांगितलं आहे की माझी पोरगी इंग्रजीची मॅडम आहे.

आपला भाचा म्हणे फाडफाड बोलतो. दहा मिनिटं कशाला, तो मला दुसऱ्याच वाक्यात पकडेल. मला पहिल्यापासून शिकवाल का? हे त्यांच्याकडे कळू नये, एवढी कृपा करा.

अनोळखी मुलीचा आगाऊपणा पोटात घालावा, ही विनंती.

आपली नम्र,
सुरभी


वर्धा
20 सप्टेंबर 2025

चि. सुरभी हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा हसले, तिसऱ्यांदा हसू आलं नाही. येत नाही हे कागदावर लिहिणारी शिक्षिका मला एकतीस वर्षांत भेटली नव्हती, आणि त्यात मी स्वतःलाही धरते.

सोबत पहिला धडा आहे. आठ जाती क्रमाने पाठ कर. तुझ्या वर्गासाठी एक वाक्यही देते, माझ्या ओळखीच्या एका गाईचं आहे: चंपी किक्स एव्हरी मॉर्निंग. चंपी हे नाम, किक्स हे क्रियापद. मुलांना लाथांची वाक्यं लवकर पाठ होतात.

तुझं गुपित माझ्याकडे राहील. माझ्याकडे हल्ली गुपितांची गर्दी झाली आहे, पण तुझ्यापुरती जागा आहे.

खाऊनपिऊन अभ्यास कर, आणि मला परकी समजू नकोस.

तुझी,
नलूताई


रोहणा
13 ऑक्टोबर 2025

ती. नलूआत्यास,
भूपेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

लाल शाईत न्हालेला गृहपाठ मिळाला. आठही जाती पाठ झाल्या. सोयाबीन काढताना म्हणतो, कापसात फवारताना म्हणतो. अ‍ॅडव्हर्बची व्याख्या झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण आत्या, बोलायचं केव्हा?

परवा शेजारच्या मुकेशने परीक्षा घेतली. म्हणाला, मी परदेशी व्यापारी आहे असं समज आणि मला सोयाबीनचा भाव इंग्रजीत सांग. मी विचार करून त्याला सांगितलं की सोयाबीन इज अ कॉमन नाउन. तो म्हणाला, भाऊ, या भावात तं मी नाई घेत.

बाबांनी भेटीसाठी मला टाय आणला आहे. गाठ कोणालाच येत नाही. आईने बैलाच्या दाव्याची मारून पाहिली, ती सुटली नाही. कात्रीने कापावी लागली.

मला रात्री एकच विचार येतो. ती मुलगी रोज इंग्रजी बोलणारी. समोर मी अ‍ॅडव्हर्बची व्याख्या म्हणणार. ती हसली तर तिला तोंडाने नाही म्हणायचीही गरज उरणार नाही.

रागावू नकोस, आणि पत्राला उशीर करू नकोस.

तुझा,
भूपेंद्र


सेलू
28 ऑक्टोबर 2025

आदरणीय नलूताई यांस,
सा. न. वि. वि.

आपली चंपी आमच्या शाळेत फार लोकप्रिय झाली आहे. तिसरीची चाळीस मुलं एका सुरात ओरडतात आणि गेटवरचे पालक समाधानाने मान हलवतात. एका पालकांनी प्रिन्सिपलना विचारलं म्हणे, की ही कविता कोणत्या देशातली?

भेट 16 नोव्हेंबरला, रविवारी ठरली. मला आता भीती वेगळीच वाटते. आधी वाटायचं, मोडलं तर मोडलं. पण बाबांनी त्यांचा फोटो दाखवला. आजवर आलेल्या मुलांच्या फोटोत दुसऱ्याची मोटरसायकल असायची, डोळ्यांवर गॉगल असायचा. यांच्या फोटोत मागे गोठा आहे आणि ते शर्टाची बाही खाली करायला विसरलेत. खोटं बोलून या माणसाशी लग्न करावंसं वाटत नाही. खरं बोललं तर लग्न होणार नाही. आपण सांगाल तसं करीन.

आपला लोभ मिळाला आहे, त्याला मी पात्र ठरावं.

आपली,
सुरभी


वर्धा
4 नोव्हेंबर 2025

चि. सुरभी हिला,
अनेक आशीर्वाद.

तू मला सल्ला विचारलास आणि माझी पंचाईत केलीस. मी दोन शब्द दिले आहेत, दोन माणसांना, आणि तोंड उघडलं तर एक तरी मोडतो. त्यामुळे एवढंच सांगते: समोरचा माणूस वाघ आहे असं धरून चालू नकोस.

आणखी एक. मी एकतीस वर्षं मुलींकडून व्याख्या घोकून घेतल्या. त्यांतल्या किती जणी पुढे इंग्रजीत दोन वाक्यं बोलल्या, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं म्हणून. तुझ्या वर्गात हे होऊ देऊ नकोस.

मी भेटीला येणार आहे. तुझी ओळख नसल्यासारखी बसेन. मनातून तुझ्याजवळच असेन, तसं समज.

तुझी,
नलूताई


रोहणा
18 नोव्हेंबर 2025

ती. नलूआत्यास,
भूपेंद्रचा शि. सा. न. वि. वि.

परवा तू सोफ्यावर पोह्यांची बशी धरून देवासारखी बसली होतीस. आत काय झालं ते तुला अर्धंच कळलं असेल. आणि तू काय केलंस ते मला आता पूर्ण कळलं आहे.

आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. मध्ये पडदा, आणि पडद्याला लागून नानाजींची खुर्ची. तिने माझ्याकडे पाहिलं, मी नव्या टायकडे. बाहेरून नानाजी खाकरले. तशी ती मोठ्या आवाजात म्हणाली, नाउन! मी घाबरून म्हणालो, प्रोनाउन! ती व्हर्ब, मी अ‍ॅडजेक्टिव्ह. असे आठही आम्ही वाटून घेतले. बाहेर नानाजी बाबांना म्हणाले की वा, काय जुगलबंदी आहे, ते आम्हाला ऐकू आलं. आठ संपले, नऊ मिनिटं उरली. मग तिने डोळे मिटले आणि म्हणाली, चंपी किक्स एव्हरी मॉर्निंग.

आत्या, मी खुर्चीतून उठलोच. हळूच मराठीत म्हटलं, ही माझी गाय आहे. तिने डोळे उघडले. दोघांनी एकदमच तुझं नाव घेतलं. ती तोंडात पदर कोंबून हसत होती. मी मध्येमध्ये मोठ्याने प्रिपोझिशन म्हणत होतो, बाहेर संशय यायला नको म्हणून.

मग तिने हळू आवाजात विचारलं, रोहण्याला येऊन मला नोकरी मिळेल का? मी म्हटलं, आर्वीत शाळा आहेत, तुले घेतील का ते मले नाई माहीत. न्यायला-आणायला मी आहे. ती म्हणाली, आज पहिल्यांदा कोणी मला नाही माहीत म्हणालं. आणि उठून पडदा सारून बाहेर गेली.

पुढचं तू पाहिलंस. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही, आणि मला हे स्थळ पसंत आहे. बाबा म्हणाले, मंग बरं झालं बाप्पा, भांडण झालं तं आमाले बी समजन. त्यावर सगळे हसले, नानाजी तेवढे हसले नाहीत. उठले, आणि दारापर्यंत आम्हाला सोडताना म्हणाले, कळवतो.

दहावं. या वेळी मुलगी हो म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

तुझ्यावर रागावलो आहे, पण माया कमी करता येत नाही.

तुझा,
भूपेंद्र


सेलू
25 नोव्हेंबर 2025

श्रीमती नलूताई यांस,
नानाजीचा रामराम वि. वि.

आपण दोन्ही पोरांना चोरून शिकवलंत, हे सुरभीने सांगितलं. तक्रारीसाठी लिहीत नाही. पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. तिला उत्तर देण्याआधी मला आपल्याकडून एक उत्तर हवं आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी मी आर्वी डेपोला होतो. बाहेरून एक मोठे साहेब तपासणीला आले. मला आत बोलावलं, मी दारात उभा राहिलो. त्या दिवशी सगळा गोंधळच होता, फाइली खाली पडलेल्या, डेपोतली शेळी माझ्यामागे घुटमळत होती, शिपाई पाणी आणायला गेलेला. साहेबांनी बोट दाखवून एक वाक्य म्हटलं. मला अजून जसंच्या तसं पाठ आहे: हू लेट धिस क्रीचर इन. मी सलाम करून म्हटलं, यस सर, थँक्यू सर. सगळं ऑफिस हसलं. पुढे बारा वर्षं मी डेपोत शिरलो की कोणीतरी मागून यस सर, थँक्यू सर म्हणायचं.

अर्थ मी कोणाला विचारला नाही. शिवी असेल तर ती मराठीत पुन्हा ऐकावी लागली असती. सुरभीलाही विचारलं नाही. पण तेव्हाच ठरवलं की माझ्या पोरीवर आणि माझ्या जावयावर असं कोणी हसता कामा नये. म्हणून ती अट होती.

ते साहेब मला काय म्हणाले, ते खरं सांगा. गोड करून सांगू नका.

उत्तराची वाट पाहतो. या वयात एवढं ऋण घ्यावं लागतंय, समजून घ्यावं.

आपला,
नानाजी


वर्धा
29 नोव्हेंबर 2025

श्री. नानाजी यांस,
सा. न. वि. वि.

क्रीचर म्हणजे जनावर. साहेब विचारत होते, या जनावराला आत कोणी सोडलं? मी तिथे नव्हते. पण तुमच्यामागे शेळी होती, आणि तुम्ही आनंदाने त्यांचे आभार मानलेत. लोक हसले ते खरं आहे, ते मला पुसता येणार नाही. मात्र बोट कोणाकडे होतं ते तुम्हीच आठवून बघा. तुम्हाला हवं ते आठवू नका, होतं ते आठवा.

चोरून शिकवलं ही माझी चूक. पण तुमच्या पोरीने भरल्या घरात उभं राहून मला येत नाही असं सांगितलं. तेव्हा कोणीही तिच्यावर हसलं नाही, हे मी पोह्यांची बशी हातात धरून पाहिलं आहे. तुम्ही तिच्यासाठी जे मागत होतात, ते तिने स्वतः मिळवलं. भूपेंद्रला घरी त्या दिवसापासून जेवण जात नाही. दोघांना आता मराठीत उत्तर द्या.

रागाचं माप माझ्या पदरात टाकावं, मुलांकडे माया वळवावी.

आपली,
नलू


सेलू
4 डिसेंबर 2025

श्रीमती नलूताई यांस,
नानाजीचा रामराम वि. वि.

पत्र चार वेळा वाचलं. बोट शेळीकडेच होतं. खाली होतं, माझ्या गुडघ्याच्या बाजूला. इतक्या वर्षांत मी साहेबांचं तोंडच आठवत होतो, हात आठवलाच नाही.

लग्न पक्कं समजा. साक्षगंध रविवारी, 14 डिसेंबरला सकाळी अकरा वाजता आमच्या घरी करू. तुमच्या भावाला, नत्थूजींना, मी स्वतः कळवलं आहे. जावईबापूंना टाय नको म्हणावं.

आज सुरभी चहा ठेवून न बोलता जात होती. तिला हाक मारून शेळीची गोष्ट सांगितली, सलाम करून दाखवला. ती इतकी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. मग मलाही आवरेना. शेजारचे विचारायला आले, काय झालं? आम्ही त्यांना सांगितलं.

येताना चार दिवस राहायच्या तयारीने यावं, घर आपलंच आहे.

आपला,
नानाजी