घरासमोरचा बाक

दि. ९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इथं आम्ही सगळे बरे आहोत. तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो, कारण तुझ्याकडून कळायला सध्या काही मार्ग नाही. फोन केला नाही याचा राग मानू नकोस. आपलं फोनवरचं बोलणं 'जेवलास का'वरून भांडणावर यायला फार वेळ लागत नाही, आणि या खेपेला मला भांडायचं नाही. पत्रात कसं, मधेच कोणी तोंड घालत नाही.

घर मिळालं.

हे सगळ्यांत आधी लिहितो, कारण निघताना दारात उभा राहून तू जे बोललास ते मी विसरलेलो नाही. "आधी घर बघ दादा, मग आईला ने. ती काय ट्रंक आहे, कुठंही ठेवायला?" मी म्हणालो, "घर बघायचं काम माझ्यावर सोड. तू तुझं बघ." त्यावर तू विमानतळावर आलाच नाहीस. असो. तर घर मिळालं आहे, आणि मी ज्याला घर म्हणतो तसं मिळालं आहे.

दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, मोठी खिडकी उगवतीला. खोलीच्या मधोमध जमिनीवर गोटी ठेवून पाहिली, जागची हलली नाही. तू हसशील, पण माझा धंदाच तो आहे. जागा सपाट नसेल तर भारीतला भारी वजनकाटासुद्धा खोटं बोलतो. दारं ओढून पाहिली, एकही कुरकुरत नाही. खिडकीच्या चौकटीत चाकूचं पातं घालून पाहिलं, फट नाही. मोरीतलं पाणी जाळीकडेच वाहतं, कोपऱ्यात तुंबत नाही. ही शेवटची गोष्ट वाटते तितकी साधी नाही. इथं मी जी घरं पाहिली त्यांतल्या निम्म्या घरांत गवंड्यानं उतार कुठल्या देवाला स्मरून दिला होता, कळायला मार्ग नव्हता.

माझं काम ठीक चाललं आहे. गोदामांत आणि कारखान्यांत जायचं, तिथले काटे प्रमाण वजनं ठेवून तपासायचे, चुकत असतील तर उघडून नीट करायचे आणि सील लावायचं. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत मोडके काटे उघडून उघडून जे शिकलो, तेच इथंही चालतं. काट्याला देश नसतो. रिकामं पारडं शून्यावर आलं पाहिजे, बस्स.

घर मिळायला मात्र फार त्रास झाला, ते तुला सांगायला हवं. कंपनीनं उतरायला एक खोली दिली होती, ती ठरावीक मुदतीपुरती. पक्का पत्ता असल्याशिवाय तुझ्या पुतणीला शाळेत घेईनात. आपल्याकडचाच एक दलाल गाठला. पहिल्याच भेटीत त्यानं विचारलं, "माणसं किती?"

म्हटलं, "चार. आम्ही दोघं, मुलगी आणि आई."

"आईंचं वय?"

सांगितलं. त्यानं पेनाला टोपण लावून टाकलं. "साहेब, खरं सांगू? आईंचं नाव काढू नका. म्हातारं माणूस एकदा घरात राहायला आलं की इथल्या कायद्यानं भाडेकरूला उठवता येत नाही. म्हणून म्हातारं माणूस दिसलं की मालक लोक दारच लावतात."

"मग आईला काय कपाटात ठेवू?"

"तीन माणसं सांगा. महिन्याभरानं त्यांना पाहुण्या म्हणून आणा. पाहुण्याला कोण विचारतंय? पाहुणा दोन वर्षं राहिला तरी पाहुणाच."

मी त्याला झापलं. आईला सोडून घर बघायला मी काही पळून आलेला पोरगा नाही, असं सुनावलं. सुरुवातीला आम्ही चौघंही जात होतो. एका घरात सगळं जमत आलं होतं. आईनं स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला आणि म्हणाली, "धार चांगली आहे रे." मालकानं दलालाला बाजूला घेतलं. दुसऱ्या एका घरात आई गादीवर टेकली, एवढंच. तिसऱ्या ठिकाणी तर जिना चढतानाच तिचा दम ऐकून मालकीण म्हणाली की घर आत्ताच गेलं.

त्यानंतर आई आपणहून म्हणाली, "मी खाली बसते. तुम्ही बघून या. मला काय कळतंय त्यातलं?"

कळत होतं तिला. खाली कुठल्यातरी बाकावर, नाहीतर कट्ट्यावर, पिशवी मांडीवर घेऊन बसायची आणि आम्ही उतरलो की निकाल द्यायची. "नका घेऊ. कोणाचेच कपडे वाळत नाहीत इथं, ओल असणार." किंवा, "त्या मालकाला मी मघाशी कुत्र्यावर ओरडताना पाहिलं." बायको म्हणायची, "आत जाऊन आम्हाला जे दिसत नाही ते आईंना बाहेरून दिसतं." आम्ही हसायचो. आई पण हसायची. हे घर तिनं असंच बाहेरून पास केलं. "जिन्यात दिवा आहे. मालकीणबाई स्वतः पायरी पुसतात. हे घ्या."

मालकाला आम्ही तीन माणसं सांगितली होती.

*

इथपर्यंत लिहून पत्र टेबलावर ठेवलं होतं. आज बुधवार आहे. मधल्या दिवसांत बायकोनं ते वाचलं. म्हणाली, "अहो, गोटीचं लिहिलंत, मोरीचं लिहिलंत. आई कुठं आहेत ते लिहिलंत का?"

आई या घरात नाही.

सह्या झाल्या त्या दिवसाचं सांगतो. किल्ल्या माझ्या हातात आल्या होत्या. बायको आणि मुलगी वर पडद्यांची मापं घेत होत्या. मालक आणि मालकीणबाई मला खालच्या दारापर्यंत सोडायला आले. रस्त्यापलीकडे बसथांब्याचा बाक आहे, बरोबर आमच्या खिडकीसमोर. आई तिथं बसली होती, शाल कानांवरून घट्ट ओढून. वारं फार होतं. मी मनात हिशेब केला होता की हे दोघं आत गेले की तिला हाक मारायची, वर न्यायचं, घर दाखवायचं आणि काळोख पडायच्या आत खाली आणायचं. पुढं महिन्याभरानं ती पाहुणी म्हणून येणारच होती.

मालकीणबाईंचं लक्ष तिच्याकडे गेलं. त्या मला म्हणाल्या, "ही बाई मागच्या आठवड्यातही इथं बसली होती. बस येते, जाते, ही चढत नाही. तुम्ही ओळखता का हिला?"

मी म्हटलं, "नाही."

विचार करून म्हटलं असतं, तर निदान विचार केला एवढं तरी म्हणता आलं असतं. कोणी रस्त्यात 'किती वाजले' विचारावं आणि घड्याळ नसलेल्या माणसानं 'नाही' म्हणावं, तसा तो शब्द निघाला.

"तुमच्याच बाजूची दिसते," असं म्हणत त्या रस्ता ओलांडायलाही लागल्या. "हरवली असेल बिचारी. तुमच्या भाषेत विचारा जरा, कुठं राहते."

त्या पुढं, मालक मागं आणि मधे मी. बाकापाशी पोचलो. आईनं मान वर केली. ती काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "आजी, कुठं राहता तुम्ही?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे पाहिलं. मग मालकीणबाईंकडे बघून हसली.

"इथंच जवळ राहते हो भाऊ. लेकाकडं."

मी ते मालकीणबाईंना सांगितलं.

"मुलगा कुठं आहे म्हणावं?"

"तुमचा मुलगा कुठं आहे, विचारताहेत."

"कामाला गेलाय. येईल एवढ्यात. लेक चांगला आहे माझा, सांगा त्यांना. काळजी करू नका म्हणावं."

मी तेही सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, एकही इकडचा तिकडे केला नाही. मालकीणबाईंनी स्वतःचे हातमोजे काढले आणि तिच्या हातांत चढवले, एकेक बोट सरळ करून. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "असा कसा मुलगा, एवढ्या वाऱ्यात आईला बसवून जातो?"

आईनं विचारलं, "काय म्हणाल्या?"

म्हटलं, "जपून जा म्हणतात."

"जाते हो भाऊ," म्हणाली. तेवढ्यात बस आली. ते दोघं बघत होते म्हणून ती चढली. ती बस आपल्या दिशेची नव्हती. पुढच्या थांब्यावर उतरून ती विचारत विचारत चालत खोलीवर गेली. कोणाला आणि काय विचारलं असेल, तिला तर इथलं अक्षर येत नाही. मी पोचलो तेव्हा चहाचं आधण ठेवून बसली होती. "घर आतून कसंय?" एवढंच विचारलं. मी गोटीचं सांगितलं.

आता अडचण तुझ्या लक्षात आली असेल. मालक तळमजल्यावर राहतात. जिना त्यांच्या दारावरूनच वर येतो. आई उद्या पाहुणी म्हणून आली, तरी तिचा चेहरा त्यांना ठाऊक आहे आणि मी तिला ओळखत नाही हेही ठाऊक आहे. दलालाला सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, मी आईंचं नाव काढू नका म्हटलं होतं. ओळख विसरा असं नव्हतं म्हटलं."

आई अजून कंपनीच्या खोलीतच आहे. मी कामावरून येताना डबा देतो, मुलगी शाळेतून परस्पर तिथंच जाते, झोपायला आम्ही नवरा-बायको आळीपाळीनं असतो. महिनाअखेर ती खोली सोडायची आहे.

बायको म्हणते, सरळ जाऊन मालकांना खरं सांगा. फार तर घर जाईल. मी गेलो होतो. घंटेवर बोट ठेवणार तोच मालकीणबाईंनीच दार उघडलं, हातात केराचं टोपलं होतं. म्हणाल्या, "बरं झालं भेटलात. ती आजी परत दिसली नाही. तिचा मुलगा भेटला असेल ना तिला?"

मी म्हटलं, "भेटला."

टोपलं मी बाहेर नेऊन रिकामं केलं आणि वर आलो.

बायकोनं विचारलं, "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?" मी खरं ते सांगितलं. दात काढताना सुई देतात, तेव्हा गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याच कोणाचा लागतो. तसं आहे. जेवतो. कामावर जातो. काटे शून्यावर आणतो. परवा एका गोदामात सील लावताना सही करायची होती, तर स्वतःचं नाव आठवायला जरा थांबलो. साहेबाला वाटलं, पेन चालत नाही.

आई त्या दिवसाबद्दल एकदाच बोलली. मोजे हातात घालूनच बसली होती. म्हणाली, "बाई मनानं चांगली आहे. अशा बाईचं घर सोडू नका." मी म्हटलं, "आई, मी..." तर म्हणाली, "डब्यात मीठ कमी होतं आज. सुनेला सांग." पुढं मला काही बोलू दिलं नाही.

तिच्याकडे बघून कोणी म्हणणार नाही की काही झालंय. मुलीचा अभ्यास घेते, मुलीकडून इथली भाषा शिकते. फार नाही, एकच वाक्य घोटून घेतलंय. काल मी दाराबाहेर बूट काढत असताना आतून ऐकलं. मुलगी म्हणत होती, "आजी, जीभ अशी लाव, टाळूला." आणि आई पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मी हरवलेली नाही. माझा माणूस मला न्यायला येणार आहे." मुलीनं विचारलं, "हेच का शिकायचं तुला?" तर आई म्हणाली, "प्रवासात लागेल गं. कोणी विचारलं, तर मधे सांगणारा नको."

म्हणजे तिचं ठरलं आहे. मला विचारलेलं नाही.

तर मला जे लिहायचं होतं ते हे आहे. आईला तुझ्याकडे घे. तुझ्या जागेला मी खुराडं म्हणालो होतो, तुझ्या मंडळींसमोर म्हणालो होतो. त्या खुराड्यात तिची कॉट कुठं लागायची ते मला पाठ आहे, खिडकीखाली, पायाशी शिवणयंत्र. ते हलवलं नसशील तर हलवू नकोस. तुझं म्हणणं खरं ठरलं, हे तू दहा जणांना सांगितलंस तरी माझी हरकत नाही. फक्त तिला सांगू नकोस की मी विनवण्या केल्या. तूच बोलावलंस असं होऊ दे. एक ओळ तिच्या नावानं पाठव, की तुझ्यावाचून अडलंय. खोटं असलं तरी लिही. या घरात एक खोटं मी बोललो आहे, दुसरं तू बोल.

तिकिटाचं मी बघतो. तिला विमानात बसवायला मी जाणार आहे.

आणि एक. मागच्या वेळी तू विमानतळावर आला नाहीस. या वेळी ये, आणि वेळेच्या आधी ये. ती बाहेर येईल तेव्हा तिच्या हातांत ते मोजे असतील, ती काही काढायची नाही. माणसांची गर्दी असेल, लोक बघतील, बघू देत. ती दिसली की लांबूनच, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आई म्हणून हाक मार.

आई तुला आशीर्वाद सांगते आहे, तुझ्या मंडळींना आणि मुलांनाही. हे तिनं स्वतः सांगितलं म्हणून लिहिलं. वर सुरुवातीला मी लिहिलेत ते माझे होते. ते ठेवायचे की नाही, तू बघ.

तुझा
दादा